फरारी नावाचा लोहार

जुना जालना
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सन १९३४

भुजंगा,

आधी आशीर्वाद घे, मंग बोलणी खा. दोन्ही एकाच पाकिटात घालून राह्यले, वेगळा खर्चा कशाला.

तीन वर्षं तुला कागद लिहिला न्हाई. का, ते तुला ठाऊक, मला ठाऊक आणि औरंगाबादच्या तुझ्या त्या शेजारणीला ठाऊक. तिनं विचारलं, "वकीलसाहेब, ह्या कोण?" आणि तू म्हणलास, "गावाकडच्या ओळखीच्या बाई आहेत." ओळखीच्या बाई! अरे, आई गेली तवा तू एवढासा होतास. एका हातानं भाता ओढला आणि दुसऱ्या हातानं तुला थोपटलं मी. तुझ्या शाळेची पाटी घेऊन तुझ्याकडूनच अक्षरं शिकले, तीच अक्षरं आज तुला लिहून राह्यले. त्या दिवशी तुझ्याकडून निघाले ती टेसनावर येऊन पोटभर रडले, आणि म्हणलं, आता ह्याला कागद न्हाई.

पण आज काम पडलंय. माझं न्हाई, एका भल्या माणसाचं आहे.

गिरधारीलाल शेठनं टेसनाजवळ धर्मशाळा बांधायला काढली. तिच्या फरशीसाठी त्यानं मुंबईहून इटलीचा कारागीर आणला. नाव अंजेलो. रंगीत दगडाचे हरभऱ्याएवढे तुकडे चुन्यात बसवतो आणि जमिनीवर वेल काढतो. अशी वेल की मी पाहायला गेल्ते तर चपला हातात घेऊन भिंतीच्या कडेकडेनं चालले, पानावर पाय पडेल म्हणून. मी जन्मभर लोखंडाशी मारामारी केली, पण इतक्या सबुरीनं काम करणारा माणूस पाहिला न्हाई. एक पान मनासारखं आलं न्हाई तर सगळं उखडतो. शेठ वैतागतो, हा शांतपणानं पुन्हा तुकडे निवडायला बसतो.

मांसमच्छी खातो म्हणून त्याला कुणी खोली देईना. मी आपली भात्यामागची कोठी दिली. तुझ्या दाजींना विचारलं तर ते "हूं" म्हणाले. न विचारता दिली असती तरी "हूं"च म्हणाले असते.

पहिल्या दिवशी छिन्न्यांना धार लावून घ्यायला आल्ता. मी विचारलं, "कौन जात?" तो म्हणाला, "फेरारी." ही कोणती जात आणि? तर त्यानं ऐरणीवर बोट ठेवलं. "ये, ये. हमारे खानदान का नाम. मतलब लोहार." अगं बाई! सातासमुद्रापलीकडचा आपला भाऊबंद! मी चहा टाकला आणि त्याच्या हातात सांडशी दिली. त्यानं उलटी धरली आणि बोट भाजून घेतलं. "कसला रे लोहार तू?" म्हणलं, तर हसून म्हणतो, "नाम का लोहार, बाई. बाप पाव भाजता है. चाचा पादरी. चचेरा भाई जज्ज. सब फेरारी."

जज्ज, भुजंगा! दारावर लोहार म्हणून पाटी लावून न्यायाला बसतो. आणि तू वकील झालास तर शहागडकर झालास. शहागडात आपल्या बाचं होतं काय? एक छप्पर, तेबी गोदावरीनं नेलं.

आता काय झालं ते सांगते. परदेशी माणूस कामावर ठेवला की पोलिसांत कळवावं लागतं, म्हणून शेठच्या मुनिमानं उर्दूतून अर्ज दिला. त्यात लिहिलं, अंजेलो फेरारी हा गिरधारीलालच्या धर्मशाळेत काम करतो. तू फारशी लिपी शिकलास, तुला कळेलच. फेरारी लिहा का फरारी लिहा, अक्षरं तीच. अमीन, म्हणजे पोलिसांचा साहेब, नवीन आलेला. त्यानं वाचलं, अंजेलो नावाचा फरारी गुन्हेगार गिरधारीलालच्या धर्मशाळेत दडून बसलाय. अर्ज न्हाई, त्याला चुगली वाटली! शिपाई घेऊन तडक आला. विचारलं, "फरारी?" ह्यानं छातीवर हात ठेवला, वाकून सलाम केला आणि म्हणाला, "जी हां, फरारी."

झालं. कबुलीजबाबच तो.

शेठ म्हणतो, मी ह्याला धड ओळखत बी न्हाई. ह्याचा पासपोर्ट हैदराबादेला धाडलाय, तिकडून उत्तर येईल तवा येईल. तोवर ह्याला औरंगाबादच्या तुरुंगात टाकणार. आणि भुजंगा, त्याच्या छातीत दगडाची भुकटी बसलीय. खोकला लागला की निळा पडतो. तुरुंगाच्या ओलीत हा माणूस हिवाळा काढणार न्हाई. दाजी कधी न्हाई ते दोन शब्द बोलले. म्हणाले, "भुजंगला लिही."

म्हणून लिहिलं. ये.

तुझी अक्का
चतुराबाई लोहार

---

जुना जालना
मार्गशीर्ष वद्य तृतीया

भुजंगा,

कार्ड मिळालं. "फौजदारी कामे मी घेत नाही. यापुढे पत्रावर लोहार हे नाव घालू नये." एवढंच. शाई महाग झाली का रे तिकडं?

मी पुन्हा लिहिणार आणि नाव बी घालणार. पोस्टमन वाचतो तर वाचू दे.

पहिली तारीख झाली. मुन्सिफसाहेब माणूस वाईट न्हाई. त्यांनी विचारलं, हे नाव असेल तर त्याला अर्थ असेल. फरारी असं नाव कोणता बाप ठेवील? चोराच्या घरी सुद्धा पोराचं नाव चोर ठेवत न्हाईत. सगळे हसले. माझ्यानं राहवलं न्हाई. बायांनी मध्ये बोलू नये ते मी बोलले, "हुजूर, त्याचा अर्थ लोहार!" मुन्सिफ म्हणाले, "लोहार? अच्छा. फिर तो आसान है. पुढच्या तारखेला ऐरण घेऊन या. हा लोखंडाचा एक खिळा घडवील. खिळा झाला तर नाव खरं. न्हाई झाला तर फरारी."

तू तिथं कपाळाला हात लावशील. पण इथं एकाबी माणसाला त्यात वावगं वाटलं न्हाई. जालन्यात लोहार म्हणजे जो लोखंड ठोकतो तो, सुतार म्हणजे जो रंधा मारतो तो. मलाबी बराबर वाटलं! मान डोलवून "जी हुजूर" म्हणून आले. अर्ध्या वाटेत ध्यानात आलं, अगं भवाने, ह्याला सांडशी धरता येत न्हाई.

निकाल लागेतो त्याला इथंच चावडीत ठेवलाय, रोज भाकरी घेऊन तिकडं जाते. गजाआडून तो मला समजावून सांगतो, आणि काय सांगतो म्हणून सांगू! फार जुन्या काळी त्यांच्याकडं आडनावंच नव्हती. गावात एक अंजेलो, दुसरा अंजेलो, तिसराबी अंजेलो. वसुलीवाला विचारायचा, कोणता अंजेलो? तर तो लोहाराचा. पुढं लोहाराचा लेक पाव भाजू लागला, तरी तो लोहाराचाच. गाव तिथं लोहार लागतोच, म्हणून त्यांच्या मुलखात माणसं मोजायला बसलं की फेरारीच फेरारी.

त्यांची एक जुनी पोथ्यांची भाषा आहे, लॅटिन, आपल्या संस्कृतासारखी. तिच्यात लोखंडाला फेर्रुम म्हणतात. त्या भाषेच्या लेकी चहूकडं नांदायला गेल्या आणि प्रत्येकीनं माहेरचा शब्द सासरी नेऊन आपल्या जिभेनं वळवला. स्पेनवालीनं पहिला फ गिळला, ती हेरेरो म्हणते. पोर्तुगालची फेरेरा म्हणते. डोंगरापलीकडं फ्रान्स आहे, तिनं दुसराच शब्द उचलला, कारागिराचा, फाबेर. त्याचं तिनं फाव्र केलं, लफेव्र केलं. तोबी लोहारच. मी ऐकतच राह्यले. मला वाटल्तं लोहार म्हणजे आपली गल्ली, आणि फार तर भोकरदनची मावशी. अरे, केवढं खटलं आहे आपलं!

आणि गंमत ऐक. आपल्या टेसनावर गोव्याचा गार्ड आहे, फेरेरासाहेब. मला वाटलं, देवच पावला. तडक गेले आणि म्हणलं, "साहेब, तुम्ही आमच्यातलेच. लोहार. एक साक्ष द्या." तो हातातल्या झेंडीसारखा लाल झाला. "आम्ही मूळचे बामण! ज्या पाद्र्यानं आमच्या पूर्वजाला बाप्तिस्मा दिला, त्याचं आडनाव मिळालं आम्हाला. लोहारकीशी आमचा काय संबंध?" घ्या! त्याच्या नावात लोहार आणि रक्तात बामण. तुझ्या रक्तात लोहार आणि नाव असं की शेजारी पंगतीला बसवतात. तुमची दोघांची अदलाबदल करून टाकावी म्हणते.

चेष्टा राहू दे. मला भीती वाटून राह्यलीय, भुजंगा. काल खोकता खोकता त्याच्या हातून पाण्याचा पेला सांडला, आणि माफी माझी मागितली. तू फौजदारी घेऊ नको. नुसता ये आणि उर्दूत समजावून सांग. मी अडाणी, माझं ऐकून लोक हसतात. वकिलाचं ऐकून लिहून घेतात.

तुला सोयरीक अजून जुळत न्हाई, हे मला कळलंय. लोहाराघरी तू जाणार न्हाईस, दुसरे देणार न्हाईत. ह्या लपंडावात तुझं वय चाललंय रे.

अक्का
चतुराबाई लोहार

---

पौष शुद्ध षष्ठी

भुजंगा,

उद्या तारीख. तुझं उत्तर न्हाई. बरं झालं.

येऊ नकोस. तुझ्या काळ्या कोटावर भात्याची राख उडेल. ऐरण गाडीवर चढवली, कोळसा भरला, दाजी घण घेऊन सकाळीच निघतील. खिळा न्हाई झाला तर मी मुन्सिफाच्या पायावर डोकं ठेवीन. आमची डोकी ठेवायला मोकळी आहेत, तुमच्यासारखी पागोट्यात अडकलेली न्हाईत.

चतुरा

---

जुना जालना
पौष शुद्ध दशमी, सन १९३५

माझ्या भुजंगा,

कुठून सुरू करू? तू होतास तिथं, तुला काय सांगायचं. पण तू असा पळालास की तुला पुढचं काही ठाऊक न्हाई, आणि मागचं तुला माझ्या डोळ्यांनी दिसलं न्हाई. म्हणून सगळं लिहिते. वाच.

कचेरीसमोर ऐरण मांडली. ही गर्दी! कापडबाजार बंद ठेवून लोक आल्ते. मी भात्यावर, दाजी बाजूला हाताची घडी घालून. त्यांना लोखंडाला हात लावायची मनाई केल्ती मुन्सिफांनी. फेरारीला पुढं आणलं. महिन्याभरात अर्धा झालेला. तरी त्यानं ऐरणीला आधी हात जोडले. तापलेली सळई धरली, हातोडा उचलला आणि पहिला घाव ऐरणीच्या कडेवर. दुसऱ्यानं सळई उडून शिपायाच्या पायाशी पडली. लोक शिट्ट्या मारू लागले. तो दगडाच्या तुकड्यावर हातोडी अशी मारतो की केसाएवढा टवका निघावा, पण लोखंड निराळं आहे, त्याला दया माया चालत न्हाई. शेवटी जे झालं ते खिळा न्हाई, उंदराची शेपटी. त्यात त्याला खोकल्याची ढास लागली. मुन्सिफांनी लेखणी उचलली. मी भाता सोडला आणि उठले, आता पाय धरायचे म्हणून.

तवा मागून आवाज आला, "हुजूर, एक अर्ज."

तो आवाज मी झोपेतबी ओळखीन.

तू गर्दीतून आलास. कोट, पागोटं, बगलेत कागद. मुन्सिफांनी तुला ओळखलं, "आइए शहागडकर वकीलसाहब" म्हणाले. तू उर्दूत बोलू लागलास. काय बोललास ते सगळं मला कळलं न्हाई, पण फे, रे, अलिफ, रे, ये अशी अक्षरं कागदावर काढून दाखवलीस, तेवढं दिसलं. मंग तू हेरेरो म्हणालास, लफेव्र म्हणालास, टेसनावरचा गार्डसाहेब म्हणालास. म्हणजे माझी पत्रं तू शब्द न् शब्द वाचत होतास, मेल्या, आणि मी इकडं तुला शिव्या घालत होते!

मुन्सिफ तरी हट्टाला पेटलेले. म्हणाले, वकीलसाहेब, दूरच्या मुलखाच्या गोष्टी मी कशा मानू? ज्याच्या नावात लोहार आहे आणि ज्याला खिळा येत न्हाई, असा एक माणूस मला इथं दाखवा, ह्या जालन्यात.

तू हातातले कागद मिटलेस.

मला वाटलं, संपलं. तू माझ्याकडं पाहिलंस. मी मान हलवली, न्हाई म्हणून. खरं सांगते, त्या घडीला मला फेरारी बी दिसेना, मला माझा भाऊ दिसला, नख लागलं तरी रडणारा. म्हणलं, नको रे, तुझं तिकडं कष्टानं उभं केलेलं सगळं मोडेल. राहू दे.

आणि तू पागोटं काढून हातात घेतलंस. "हुजूर, तो माणूस मी आहे. भुजंग वल्द रखमाजी लोहार. शहागडकर हे मी मागून लावलं. ही जी भात्याजवळ उभी आहे, ती माझी सख्खी मोठी बहीण. तिनं मला वाढवलं."

भुजंगा, मी डोळ्याला पदर लावला तो सगळा काळा झाला. सांगायला लाज कसली, मला असं वाटलं की आपला बा उठून आला आणि कचेरीच्या पायरीवर बसला. तुझ्यासारखा भाऊ कुणाला न्हाई. हे मी तोंडावर कधी म्हणणार न्हाई, म्हणून लिहून ठेवते.

मुन्सिफांनी लेखणी खाली ठेवली. मंग म्हणाले, "घण मारून दाखवा." तू कोट काढलास. हे राम! घण असा धरलास, जसा टाक धरतात, दोन बोटांनी. मारलास तो ऐरण चुकला आणि मातीत गेला. त्याच्या मागं तूबी गेलास! फेरारीनंच तुला हात देऊन उठवलं. पुऱ्या कचेरीला हसू आवरेना, आणि मी सगळ्यात मोठ्यानं हसले. माफ कर. मुन्सिफ डोळे पुसत म्हणाले, "दो मुल्क के दो लोहार, दोनों निकम्मे. छोड़ दो."

आणि सुटका झाली.

तुला धरायला आम्ही धावलो तर तू गर्दीतून टेसनाच्या वाटेला. घरी आला न्हाईस, पाणी प्याला न्हाईस. अमीन दारात उभा होता, तो म्हणाला, "असली फरारी तो वो निकला!" मी त्याला म्हणलं, साहेब, एवढा विनोद आधी सुचला असता तर आमची ऐरण गाडीवर चढवावी लागली नसती. तो वरमला. फेरारीला त्याची टोपी स्वतः आणून दिली.

गल्लीत आता लहान पोरं सुद्धा हेरेरो, लफेव्र करत फिरून राह्यलीत. दाजींनी रात्रीच्या जेवणाला आपणहून विचारलं, "भुजंग कवा येणार?" एवढं लांब वाक्य त्यांनी लग्नात बी म्हणल्तं न्हाई.

शेठ आता सगळ्यांना सांगत फिरतो, कारागीर माझाच. फेरारी कामावर गेलाय. मी म्हणलं, आठ दिवस पडून रहा, छाती सुधारू दे. तर म्हणतो, पान अर्धं आहे, बाई.

ये रे. एक दिवस तरी.

तुझी अक्का

---

पौष वद्य चतुर्थी

भुजंगा,

तू काही कळवलं न्हाईस. शेठचा मुनीम औरंगाबादेहून आला, त्याच्याकडून कळलं.

म्हणे तू भाड्यानं राहतोस त्या वाड्यात जालन्याची बातमी तुझ्या आधीच पोचली. म्हणे मालकीणबाईंनी तुझी भांडी अंगणात ठेवली, आणि ज्या पंगतीला तू बसायचास त्या पंगतीतल्या लोकांनी तुला रस्त्यात ओळख दिली न्हाई. दोन पक्षकारांनी कागद परत नेले. आणि तू तीन दिवस खोलीत बसून आहेस, खाली करायची मुदत मागून.

मला रडू आलं, आणि रागबी इतका आला की दाजींनी घण लपवून ठेवला.

तू लिहिशील, अक्का, काही झालं न्हाई, मी ठीक आहे. गप बस. झालंय. तुझं घर गेलंय. तू ते एका परक्या माणसाच्या श्वासासाठी घालवलंस, आणि परत मागायला जाऊ नको. तिथंच औरंगाबादेत मोंढ्याच्या बाजूला दाजींच्या ओळखीच्या सुताराची माडी रिकामी आहे, तिथं दारावर काय लिहायचं ते तू ठरव. मी त्यात बोलणार न्हाई. शहागडकर लिहिलंस तरी तू माझाच.

हे सगळं मी फेरारीला सांगितलं. त्यानं हातातला तुकडा खाली ठेवला. शेठनं विचारलं, कहां चले? तर म्हणाला, घर का काम है. पान अजून अर्धंच आहे. माझ्या माहितीत त्यानं काम अर्ध्यावर पहिल्यांदा टाकलं.

परवा सकाळच्या गाडीनं तो आणि मी, आम्ही दोघं येऊन राह्यलो. मालकीणबाई दारात उभ्या राहून पाहतील, पाहू दे. घण आमच्यात एकीलाच मारता येतो, पण ओझं दोघांना बी उचलता येतं.

सामान बांधून ठेव.

अक्का